डोंगरउतारावरच्या लहान गावाचे सांडपाणी : विजेवरचा प्रकल्प घ्यावा की घरोघरी खड्डे करावेत?

धागा सुरू करणारे : पाणवाटा (नागपूर)

नमस्कार. मी नागपुरात राहतो, परंतु माझे आजोळ चिखलदरा तालुक्यातील एका लहान गावात आहे. सातपुड्याच्या उतारावर तीन टप्प्यांत वसलेल्या या गावात एकशे दहा घरे आणि सुमारे ५५० माणसे आहेत. वरच्या टप्प्यावर गवळ्यांची घरे व गोठे, मध्ये शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायत आणि सर्वांत खाली कोरकू वस्ती आहे. त्या वस्तीच्याही खाली गावाची जुनी विहीर आहे. नळाची मोटर बंद पडली, की सारे गाव आजही त्याच विहिरीवर जाते.

दोन वर्षांपूर्वी घरोघरी नळ आले. त्याआधी धुणे नाल्यावर होत असे आणि घरात येणारे पाणी डोक्यावरून आणलेले असल्यामुळे ते फार जपून वापरले जाई. आता धुणे, भांडी आणि आंघोळी अंगणात होतात, गोठेही नळीने धुतले जातात आणि ते सर्व पाणी गल्लीतल्या नालीतून खालच्या वस्तीच्या दारांसमोरून विहिरीच्या दिशेने वाहते. माझ्या मामी सांगत होत्या, की पूर्वी गल्ली फक्त पावसाळ्यात ओली असायची, आता वैशाखातही चप्पल चिखलात रुतते.

एका पुरवठादाराने ग्रामपंचायतीला विजेवर चालणारा तयार टाकीचा शुद्धीकरण प्रकल्प सुचवला आहे. गावातील सर्व पाणी बंद गटाराने एका ठिकाणी आणायचे, टाकीत ब्लोअरने हवा सोडायची आणि शुद्ध झालेले पाणी नाल्यात सोडायचे, अशी ती योजना आहे. नागपुरात नीरीसारखी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्था असल्यामुळे तेथील जाणकारांना विचारून सांगा, असे सरपंचताईंनी मला सुचवले आहे. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर गावात दिवसाला सुमारे ३०,००० लिटर पाणी येते आणि त्यातील ८० टक्के, म्हणजे जवळपास २४,००० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. एवढ्या पाण्यासाठी असा प्रकल्प योग्य आहे का, हा माझा प्रश्न आहे. ज्यांनी डोंगराळ भागात प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : ऑरेंजसिटी_रहिवासी

प्रकल्प घ्यावा, असे माझे मत आहे. आपल्या नागपुरात भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांना दिले जाते. जे पाणी नाग नदीतून कन्हान, वैनगंगा आणि गोसीखुर्द धरणापर्यंत घाण घेऊन गेले असते, त्यातील मोठा भाग उपयोगात येतो. शहराला जे मिळाले, ते लहान गावाला का मिळू नये? खड्डे हा जुना उपाय झाला आणि डोंगरातल्या माणसांनी कायम जुन्यावरच भागवावे, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद : निवृत्त_उपअभियंता (नागपूर)

आपली भावना योग्य आहे, परंतु भांडेवाडीचा दाखला येथे लागू होत नाही. तेथे रोज कोट्यवधी लिटर पाणी अखंड येते, पाणी घेणारा ग्राहक ठरलेला आहे आणि चोवीस तास पाळीवर काम करणारी माणसे आहेत. मी पाणीपुरवठा व स्वच्छतेच्या कामात बरीच वर्षे डोंगराळ तालुक्यांत काढली आहेत. ब्लोअरवर चालणारे लहान प्रकल्प पहिल्या वर्षी नीट चालतात आणि पुढे केवळ टाक्या उरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्याचे कारण समजून घ्यावे. अशा टाकीत घाण खाणारे जिवाणू असतात आणि त्यांना सतत हवा लागते. डोंगरात एखादा खांब पडला आणि वीज दोन दिवस गेली, तर हे जिवाणू गुदमरतात, पाणी कुजते आणि वीज आल्यानंतरही टाकी पूर्ववत होण्यास कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. शिवाय गाव जेवढे लहान, तेवढा पाण्याचा ओघ असमान असतो. सकाळी दोन तासांत अर्धे पाणी येते आणि रात्री काहीच येत नाही. वरच्या टप्प्यावर एकाच वेळी गोठे धुतले गेले, तर शेणामुळे घाणीचे प्रमाण अचानक कितीतरी पटींनी वाढते. मोठ्या शहरात हे चढउतार एकमेकांत मिसळून जातात. एकशे दहा घरांच्या गावात ते थेट टाकीवर येऊन आदळतात.

खर्चाचेही पाहा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यातील मार्गदर्शक सूचनांनुसार पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत निधी धरलेला आहे. आपल्या गावाचा हिशेब १,५४,००० रुपये होतो. त्यात तीन टप्प्यांचे खडकातले बंद गटारसुद्धा होणार नाही. उरलेले पैसे कोठून तरी उभे केले, तरी ब्लोअरचे वीजबिल कोण भरणार, हा प्रश्न दरमहा उभा राहील.

म्हणून माझा आग्रह आहे, की सर्व पाणी एकत्र करूच नये. शौचालयाचे पाणी, न्हाणीचे व भांड्यांचे पाणी आणि गोठ्याचे पाणी ही तीन वेगळी पाणी आहेत. ती उगमापाशी वेगळी ठेवली, तर प्रत्येकाचा उपाय सोपा आणि स्वस्त होतो. एकदा मिसळली, की सर्वच पाणी शौचालयाच्या पाण्याइतके धोकादायक होते.

मात्र त्याआधी एक प्रश्न विचारतो. गावातील शौचालये सध्या कोणत्या प्रकारची आहेत?

पाणवाटा

साहेब, मी मामेभावासोबत दोन दिवस घरोघर फिरून मोजणी केली. साठ घरांत शोषखड्ड्याचे (पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याचे) शौचालय आहे, चाळीस घरांत सेप्टिक टँक आहे आणि दहा घरांत अद्याप काहीच नाही. चाळीसपैकी एकतीस सेप्टिक टँकचा निकास थेट नालीत सोडलेला आहे. साठ शोषखड्ड्यांपैकी बावीस ठिकाणी दोन खड्डे आहेत, परंतु त्यातील चौदा घरांत दोन्ही खड्ड्यांची तोंडे एकाच वेळी उघडी आढळली.

निवृत्त_उपअभियंता

आपण केलेली ही मोजणी कोणत्याही आराखड्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. आजार नेमका कोठे आहे, ते त्यातून दिसते.

सेप्टिक टँक घेतला म्हणजे मैल्याचे शुद्धीकरण झाले, ही फार मोठी गैरसमजूत आहे. टँकमध्ये जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. त्यातील सेंद्रिय घाण साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी झालेली असते, पण रोगजंतू मात्र मोठ्या प्रमाणात तसेच राहतात. हिवाळ्यात चिखलदऱ्याच्या थंडीत टँकमधील कुजण्याची क्रिया आणखी मंदावते. म्हणून त्या निकासाला पुढे शोषखड्डा हवाच. एकतीस घरांचे ते पाणी नालीत उघडे वाहते आहे, तोवर इतर कोणताही खर्च करू नये, असे मी म्हणेन. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी टँक उपसावा लागतो. मैला उपसणारी गाडी घाट चढून आली, तरी तुमच्या मधल्या टप्प्याच्या गल्लीत शिरेल का, हेही पाहावे. ती शिरत नसेल, तर कोणीतरी माणसाला आत उतरवण्याचा विचार करील. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्या टँकमधील वायूने माणूस क्षणात मरतो.

दोन खड्ड्यांची पद्धत या कारणासाठीच चांगली आहे. एक खड्डा तीन-चार वर्षांनी भरला, की चेंबरमधील त्याचे तोंड विटेने बंद करायचे आणि दुसरे उघडायचे. भरलेला खड्डा किमान एक वर्ष, आणि डोंगरातील थंडी पाहता दोन वर्षे, तसाच मिटून ठेवावा. जंतांची अंडी फार चिवट असतात. त्यानंतर आत कोरडी, वास नसलेली माती मिळते आणि ती शेतात वापरता येते. चौदा घरांत दोन्ही तोंडे उघडी असणे म्हणजे दोन्ही खड्डे एकत्र भरणे होय. मग विश्रांती कोणालाच मिळत नाही. हे दुरुस्त करायला एक वीट आणि थोडे सिमेंट पुरते.

उतारावर हे दोन खड्डे वरखाली न घेता समपातळीवर शेजारी घ्यावेत, नाहीतर वरच्याचे पाणी खालच्यात झिरपते. खड्ड्याच्या तळाला काँक्रीट करू नये.

प्रतिसाद : आरोग्यसेविका_मेळघाट

मी या भागातील एका उपकेंद्रात काम करते. सरांनी जे लिहिले त्यात मला विहिरीचा मुद्दा अधिक ठळकपणे मांडायचा आहे.

जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी येथे दूषित विहिरीच्या पाण्यातून साथ पसरली आणि माणसे दगावली. नळयोजनेची वीज बंद असल्यामुळे लोकांना उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागले होते. आम्ही ते दिवस विसरू शकत नाही. आपल्या गावातही मोटर बंद पडली, की लोक जुन्या विहिरीवर जातात, हे आपण स्वतः लिहिले आहे. म्हणजे सांडपाण्याचा प्रश्न केवळ चिखलाचा किंवा डासांचा नाही. पहिल्या मोठ्या पावसात नालीतले सारे खाली ओढले जाते आणि नेमके त्याच दिवसांत वीज जाते.

म्हणून प्रथम विहिरीची तपासणी करावी. एचटूएसची (मैल्यातील जिवाणू ओळखणाऱ्या चाचणीची) बाटली खुणेपर्यंत भरून २४ ते ४८ तास ठेवावी. पाणी काळे पडले, तर ते मैल्याने दूषित असण्याचा दाट संशय घ्यावा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. थंडीच्या दिवसांत बाटली उबदार जागी ठेवावी, नाहीतर निकाल उशिरा दिसतो आणि लोक निर्धास्त होतात. एकदा मे महिन्यात आणि एकदा पहिल्या जोरदार पावसानंतर, अशा दोन्ही वेळा तपासावे. जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो का आणि पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणाऱ्या ओटी चाचणीत पिवळा रंग येतो का, हेही रोज वहीत लिहिले जावे. गावाला पाणी सर्वेक्षणात लाल (जास्त धोका), पिवळे (मध्यम) की हिरवे (कमी) कार्ड मिळाले आहे, ते ग्रामपंचायतीत विचारा. लाल असेल, तर हा विषय ग्रामसभेत सर्वांत आधी घ्या.

पाणवाटा

ताई, विचारले. पिवळे कार्ड आहे. टीसीएलची पिशवी ग्रामपंचायतीच्या खोलीत उघडी पडलेली होती आणि तिला वासही उरला नव्हता.

आरोग्यसेविका_मेळघाट

मग ती पावडर निरुपयोगी झाली आहे. उघड्या पिशवीतील क्लोरीन काही आठवड्यांत उडून जाते. नवीन पावडर मागवा आणि झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत ठेवा.

प्रतिसाद : भूजल_वाचक

शोषखड्ड्यांचा आग्रह धरताना खालच्या खडकाचा विचार व्हावा, अशी विनंती आहे. मेळघाट हा लाव्हाच्या थरांनी बनलेल्या काळ्या दगडाचा प्रदेश आहे. या थरांमध्ये कोठे सच्छिद्र, कुजलेला मुरूम असतो आणि कोठे सलग, टणक कातळ असतो. मुरमातून झिरपलेले पाणी टणक थरापर्यंत उतरते आणि मग त्याच्या पाठीवरून आडवे सरकत उतारावर बाहेर पडते. आपले झरे असेच तयार होतात. मातीत जंतू अडकतात आणि मरतात, परंतु पाणी जर थेट खडकाच्या भेगेत शिरले, तर ते गाळले न जाता दूरवर जाते. मैदानी गावात खड्डा आणि विहीर यांच्यामध्ये दहा-पंधरा मीटर अंतर पुरेसे मानतात. भेगाळ खडकाच्या उतारावर, तेही विहिरीच्या वरच्या बाजूला, त्या अंतरावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

म्हणून प्रत्येक ठिकाणी हातभर खोल खणून पाहावे. मुरूम लागला तर उत्तम. कातळ लागला तर खड्डा खोल न करता जमिनीवर उंचवून बांधावा आणि भोवती मातीचा भराव द्यावा, म्हणजे पाण्याला निदान काही माती ओलांडावी लागेल.

निवृत्त_उपअभियंता

हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. तो अत्यंत महत्त्वाचा आहे. विहिरीच्या थेट वरच्या अंगाला असलेल्या घरांसाठी वेगळा विचार करावा लागेल. ती घरे किती आहेत?

पाणवाटा

खालच्या वस्तीतील अठरा घरे. त्यांना परसही नाही. घर संपते तेथे कातळ सुरू होतो.

निवृत्त_उपअभियंता

मग या अठरा घरांपुरती सामाईक व्यवस्था करावी आणि ती विजेशिवाय चालणारी असावी. नीरीने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीचे तत्त्व येथे उपयोगी पडेल. खडीने भरलेल्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस अशी पाण्यात वाढणारी झाडे लावतात, पाणी खडीच्या आतून संथ वाहते आणि मुळांभोवतीचे जिवाणू ते साफ करतात. पाणी केवळ उताराने वाहते. आपल्याकडे उतार आहे, ही या गावाची श्रीमंती आहे, तिचा उपयोग करावा.

अठरा घरांत नव्वद माणसे धरली आणि वाफ्यात फक्त न्हाणी व भांड्यांचे पाणी सोडले, तर ५० ते ९० चौरस मीटर जागा लागेल. एवढा सपाट तुकडा मिळणार नाही, म्हणून समपातळीच्या रेषेवर लांबट असे दोन-तीन वाफे पायऱ्यांप्रमाणे एकाखाली एक घ्यावेत. खडीची खोली सुमारे ६० सेंटीमीटर ठेवावी आणि पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखाली काही सेंटीमीटर राहील, असा निकास बांधावा. पाणी डोळ्यांना दिसले नाही, तर डासही होणार नाहीत. आत जाण्याआधी गाळ बसण्याची लहान टाकी अनिवार्य आहे. भाताची शिते, राख आणि साबणाचा थर तेथे अडला नाही, तर खडीची तोंडे बुजतात आणि मग सारी खडी काढून धुवावी लागते. ही टाकी दर महिन्याला साफ करणाऱ्या माणसाची निश्चिती आधी करा आणि बांधकाम नंतर सुरू करा.

दुसरी अट पावसाची आहे. मेळघाटचा पाऊस वाफ्यात शिरला, तर एका रात्रीत सारे वाहून नेईल. वाफ्यांच्या वर दगडी चर घेऊन पावसाचे पाणी बाजूने काढून द्यावे.

प्रतिसाद : ग्रामसभा_अभ्यासक

जागेबाबत सावध राहावे. गावाभोवतीची जमीन वनखात्याची असेल, तर तेथे वाफा खणता येईल, असे गृहीत धरू नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावासाठी तेरा सुविधांची यादी आहे आणि त्यांच्यासाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. त्या यादीत शाळा, अंगणवाडी, रस्ते, पिण्याच्या पाण्याच्या नळवाहिन्या आहेत, परंतु सांडपाण्याच्या प्रकल्पाचा उल्लेख नाही. म्हणून गावठाणातीलच जागा शोधावी. निधीसाठी मात्र एक वाट आहे. चिखलदरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येत असल्यामुळे पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी ग्रामपंचायतीकडे येतो आणि त्याच्या खर्चात ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा असतो.

प्रतिसाद : गोठा_आणि_गोबर

गोठ्याच्या पाण्याकडे दुर्लक्ष होऊ नये. शेण कोरडेच उचलून गोबरगॅसच्या संयंत्रात किंवा उकिरड्यात नेले आणि नंतर गोठा थोड्या पाण्याने धुतला, तर निम्म्याहून अधिक घाण नालीत येतच नाही. आमच्या गावात नळ आल्यापासून शेण पाण्यानेच ढकलण्याची सवय लागली होती. ती मोडायला एक वर्ष लागले.

प्रतिसाद : ऑरेंजसिटी_रहिवासी

मी सुरुवातीला प्रकल्पाच्या बाजूने लिहिले होते. हे सर्व वाचल्यावर मत बदलले आहे. परंतु एक शंका आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने शोषखड्ड्यांनी गाव डासमुक्त केल्याचे वाचले होते. ज्या घरांना परस आहे, त्यांना तसेच खड्डे करता येतील का?

निवृत्त_उपअभियंता

करता येतील, आणि ज्यांच्याकडे मुरूम आहे त्यांनी तसेच करावे. मध्यभागी छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, अशी ती रचना आहे. न्हाणीचे पाणी केळीला, अळूला दिले, तरी चालेल. डासांचा विषय निघालाच आहे, तर सेप्टिक टँकच्या व्हेंट पाईपला जाळी बांधण्याचे विसरू नये. पूर्व विदर्भात हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास याच घाण पाण्यात वाढतो.

पाणवाटा (सहा महिन्यांनंतर)

सर्वांना कळवण्यास उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. ग्रामसभेने विजेवरचा प्रकल्प नाकारला. त्या सभेत खालच्या वस्तीतील स्त्रिया प्रथमच इतक्या संख्येने बोलल्या, कारण साऱ्या गावाचे पाणी त्यांच्याच दारातून जात होते. वरच्या टप्प्याने आधी आपले पाणी आपल्या परसात जिरवावे, ही अट त्यांनी घातली आणि ती मान्य झाली.

पावसाळ्याआधी एकतीसपैकी चोवीस सेप्टिक टँकना शोषखड्डे झाले. त्यातील नऊ ठिकाणी कातळ लागल्यामुळे उंचवून बांधावे लागले. चौदा घरांतील चेंबरमध्ये आम्ही स्वतः विटा बसवल्या. खालच्या वस्तीसाठी अबंध निधीतून दोन वाफे झाले, तिसऱ्याची जागा अजून वादात आहे. गाळाची टाकी साफ करण्याचे काम बचत गटातील दोन ताईंनी घेतले असून त्याचे मानधन ग्रामपंचायत देते. त्यांना हातमोजे व बूट दिले आहेत.

विहिरीच्या पाण्याची बाटली मे महिन्यात काळी झाली होती. जुलैमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर, ती पुन्हा काळी झाली आणि मी फार खचलो. ऑक्टोबरमध्ये ४८ तासांनंतरही तिचा रंग बदलला नाही.

आरोग्यसेविका_मेळघाट

आनंद झाला, परंतु ऑक्टोबरची बाटली पाहून टीसीएल थांबवू नका. उरलेले सात टँक मे महिन्याच्या आत पूर्ण करा आणि पुढच्या जुलैमध्ये, पहिल्या पावसानंतर, तीन दिवस सलग नमुने घ्या. त्या आठवड्यात मी स्वतः गावात येते.